उपाशी आणि उपास: श्रावण सोमवारी दोनदा ढकललेल्या एका ऑपरेशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली-मिरज पट्ट्यातल्या एका खाजगी रुग्णालयात मी रुग्ण समन्वयक म्हणून काम करते. म्हणजे डॉक्टर, सिस्टर, बिलिंग आणि नातेवाईक या चौघांच्या मध्ये उभं राहून प्रत्येकाचं बोलणं दुसऱ्याला समजेल असं सांगायचं. हे प्रकरण त्याच कामात मी कशी तोंडावर पडले त्याचं आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि एक-दोन तपशील बदलले आहेत. घडलं ते तसंच ठेवलं आहे.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली विल्यम वॉनलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकातून रेल्वेनं पेशंट येतात. त्यामुळं इथल्या रिक्षावाल्यापासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांना कामापुरतं कन्नड येतं. माझंही तसलंच, ओपीडीच्या बाकावर शिकलेलं. आणि कन्नड बोलणारा पेशंट कर्नाटकातूनच यायला पाहिजे असंही नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्वेकडं, उमदी-संख भागात, घरात कन्नड आणि बाजारात मराठी अशीच रीत आहे. तिथं जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत.

आज्जी त्याच भागातल्या. वय साठच्या पुढं. पित्ताशयात खडे, महिन्याभरात दोनदा पोटात कळ येऊन गेलेली. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलं. घाईचं नव्हतं, पण फार लांबवण्यासारखंही नव्हतं. त्या रविवारी दुपारी दाखल झाल्या, सोमवारी सकाळी साडेआठला यादीत पहिला नंबर. सोबत मुलगा, आणि संध्याकाळी डबा घेऊन सून आली.

आज्जी मराठी बोलायच्या, पण त्यांची मराठी ऐकायला कान तयार लागतो. "मी रात्री झोपलोच न्हाई" असं म्हणायच्या. आमच्याकडं बायका सर्रास "मी येतो, मी जातो" म्हणतात, मी स्वतः घरी म्हणते. पण त्या वॉर्डात महिन्याभरापूर्वी चिपळूणकडची एक सिस्टर रुजू झाली होती. तिला पहिले आठ दिवस वाटत होतं की या बायका नवऱ्याबद्दल बोलतायत. "जेवलो न्हाई" ऐकून तिनं एकदा एका बाईच्या नवऱ्यासाठी कँटीनमधून ताट मागवलं होतं. हे सगळं हसण्यावारी गेलं, म्हणून त्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

रविवारी संध्याकाळी काय सांगितलं गेलं

सात वाजता सिस्टरनी मुलाला बोलावून सांगितलं, "रात्री बारानंतर आईंना काही खायला द्यायचं नाही. उद्या उपाशी ठेवायचं." मुलगा म्हणाला, "व्हय." सिस्टरनी फाइलवर सही घेतली.

मुलाच्या घरी म्हशी होत्या, त्याला शेवटची एसटी पकडायची होती. गेटवर बायकोला भेटला आणि तिला एकाच वाक्यात निरोप दिला: "नाळे अव्वग उपवासा." उद्या आईला उपवास. सून म्हणाली, "हौदु, सोमवार."

हे वाक्य आम्हाला दोन दिवसांनी कळलं. मला विचाराल तर सगळं प्रकरण या वाक्यात आहे. मराठीत आपल्याकडं दोन शब्द आहेत. उपाशी म्हणजे पोट रिकामं. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि दिवसाला चार चहा. पोटभर. कन्नडमध्ये 'उपवास' हा एकच शब्द दोन्हीकडं चालतो. मुलानं 'उपाशी' ऐकलं आणि 'उपवास' सांगितलं, यात त्याचं भाषांतर चुकलं असं म्हणताच येत नाही. आणि दुसरा दिवस श्रावणातला शेवटचा सोमवार. आज्जी तो गेली कित्येक वर्षं धरत होत्या. सुनेला शंका यायचं कारणच नव्हतं. डॉक्टरसुद्धा सोमवार पाळायला सांगतायत म्हणून उलट तिला बरंच वाटलं असणार.

इकडं वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री पावणेनऊला मेसेज पडला: "उद्याचे सर्व ओटी पेशंट १२ नंतर एनबीएम. कृपया फॉलो करा." ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. नऊ जणांनी अंगठा टाकला. त्यातला एक माझा. मी तेव्हा घरी भाकरी थापत होते. अंगठा टाकला म्हणजे मी मेसेज बघितला, एवढंच. पण रात्रपाळीच्या सिस्टरला वाटलं नऊ जणांना माहीत आहे म्हणजे काम झालं. आज्जींच्या खाटेला 'एनबीएम' लिहिलेला पिवळा पत्रा लावला होता. तोंडानं काही द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ. तो नर्सिंग शिकलेल्याला कळतो. ज्यांनी द्यायचं नाही त्यांना कळत नाही.

सोमवारची सकाळ

पावणेसहाला आज्जींनी अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली. सव्वासहाला सुनेनं थर्मासमधून अर्धा कप दुधाचा चहा दिला, एक केळ आणि दोन राजगिऱ्याचे लाडू.

सात वाजता चिपळूणच्या सिस्टरनी विचारलं, "आज्जी, काही खाल्लं नाही ना?"

"न्हाई वो. उपास हाय मला."

सिस्टरनी टिक केली. तिच्या कोकणी घरात सोमवारचा उपास कडक, संध्याकाळी सोडेपर्यंत पाणीच. 'उपास आहे' हे तिला 'खाल्लं नाही' याचा आणखी पक्का पुरावा वाटलं.

साडेसातला मी पोचले. दोन भाषांमध्ये घोळ होऊ शकतो हे मला माहीत होतं, त्याचा मला थोडा अभिमानही होता. म्हणून मी कन्नडमध्ये विचारलं, "आज्जी, ऊटा आयता?" त्या हसून म्हणाल्या, "इल्लरी." नाही. माझीही टिक.

'ऊटा' म्हणजे जेवण. ताट वाढून केलेलं. मी माझ्याच आईला सकाळी सात वाजता "जेवलीस का" म्हणून विचारलं तर तीही नाहीच म्हणेल, मग पोटात चार पोहे गेलेले का असेनात. त्यांच्या भाषेत बोलल्यावर खरं उत्तर मिळणारच, असं मी धरून चालले होते. भाषा बदलली, प्रश्न तोच चुकीचा राहिला.

ज्या गोष्टीनं सगळं उघड झालं ती म्हणजे केळ्याचं साल. सात-पन्नासला वॉर्डातल्या मावशी स्ट्रेचर घेऊन आल्या. खाटेखालची बादली सरकवताना त्यांना साल दिसलं. त्यांनी सरळ विचारलं, "केळ कुणी खाल्लं?"

"मीच की," आज्जी म्हणाल्या. "उपासाला चालतंय."

मावशी स्ट्रेचर तिथंच सोडून आल्या. मावशींचा फोन बटणाचा आहे, त्या ग्रुपवर नाहीत.

थांबायचं का आणि किती

भूल देण्याआधी पोट रिकामं लागतं, कारण भूल चढताना घसा सैल पडतो आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. १९४६ साली अमेरिकेतल्या कर्टिस मेंडेलसन यांनी बाळंतपणाच्या ४४,०१६ केसेसची पाहणी मांडली. त्यात ६६ जणींच्या बाबतीत भुलेखाली पोटातलं फुप्फुसात गेलं होतं. आज भूलतज्ज्ञ साधारण असा हिशोब धरतात: साधं पाणी किंवा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत, दूध आणि हलकं खाणं सहा तास, तुपातेलाचं आठ तास.

भूलतज्ज्ञ मॅडमनी सव्वासहाचे लाडू ऐकले आणि थिएटरच्या दारातच तीन गोष्टी बोलून झाल्या.

ठरल्याप्रमाणं करायचं, जास्तीची काळजी घेऊन. मॅडमनी वाक्य पुरतं ऐकूनही घेतलं नाही. तातडीची केस असती तर वेगळं.

त्याच दिवशी दुपारी. लाडवात शेंगदाणे होते का तूप होतं हे कुणाला सांगता येईना, म्हणून मॅडमनी आठ तास धरले. सव्वादोन. म्हणजे तीनची वेळ. सर्जन सरांची दुपारी तालुक्याच्या गावी ओपीडी असते, ती त्यांनी पुढं ढकलायची तयारी दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी. मंगळवारी यादी रिकामी होती. पण सून पटकन म्हणाली, "उद्या नको, अमावस्या हाय." सरांच्या कपाळावर आठी पडली.

दुपारी तीन ठरलं. कुणाचंच मन दुखवलं जात नव्हतं, म्हणून सगळ्यांना पटकन पटलं. आज मागं वळून बघताना मला तिथं एक गोष्ट टोचते. आम्ही दहा मिनिटं वेळेबद्दल बोललो. सकाळचा निरोप कसा चुकला याबद्दल एक मिनिटही बोललो नाही. 'बाईंनी ऐकलं नाही' असं गृहीत धरून मोकळे झालो.

आठ-पंचवीसला ग्रुपवर मेसेज: "बेड ७ कंटिन्यू एनबीएम, ओटी ३ वाजता." सहा अंगठे.

मी आज्जींना आणि सुनेला जाऊन सांगितलं, "काळजी करू नका, ऑपरेशन आता दुपारी तीनला आहे. आराम करा." आज्जी म्हणाल्या, "व्हय व्हय." आमच्या भागात 'व्हय व्हय' म्हणजे ऐकतोय, बोला पुढं. समजलं असा त्याचा अर्थ होत नाही. हे मला जन्मापासून माहीत आहे.

दुपारी पुन्हा

अडीचला मी खाली गेले. या वेळी मावशी शेजारी उभ्या होत्या, त्यांच्या धाकानं म्हणा, मी प्रश्न वेगळा विचारला. "आज्जी, शेवटचं तोंडात काय घातलं? किती वाजता?"

आज्जी विचार करायला लागल्या. 'नाही' म्हणायला विचार करावा लागत नाही, हे मी पहिल्यांदा बघितलं. मग म्हणाल्या, "साडेधाला च्या. आणि डब्यातली भगर, दोन घास."

सून रडायलाच लागली. तिचं म्हणणं ऐका, ते चूक काढण्यासारखं नाही. सकाळी आम्ही सगळे धावत आलो, केळ्यावरून बोललो आणि म्हणालो ऑपरेशन दुपारी. तिला वाटलं सकाळचं ऑपरेशन होतं म्हणून सकाळी खायचं नव्हतं, आता दुपारचं आहे तर दुपारी खायचं नाही. सासूबाई रात्रीपासून अर्धा कप चहा, एक केळ आणि दोन लाडवांवर होत्या, त्यांना गरगरत होतं. "ऑपरेशन फुडं गेलं तर उपाशी ऱ्हायचंबी फुडं गेलं न्हवं?"

'कंटिन्यू' हा शब्द ग्रुपवर होता. खाटेपाशी तो कुणी आणलाच नाही. मी स्वतः त्या खाटेपाशी जाऊन वेळ सांगितली, खाणंपिणं सांगितलं नाही, कारण ते सिस्टरनी सांगितलं असेल. सिस्टरना वाटलं समन्वयक मॅडम आत्ताच बोलून गेल्यात, त्यात कन्नडमध्ये.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती भूलतज्ज्ञ मॅडमनीच नंतर बोलून दाखवली. आज्जींना सव्वाआठपासून कोरडं ठेवायचं कारणच नव्हतं. एक वाजेपर्यंत पाणी, बिनदुधाचा चहा चालला असता. आम्ही 'काहीच नाही' असा सरसकट हुकूम काढतो, कारण तो सांगायला सोपा. साठीच्या बाईला पंधरा तास कोरडं ठेवा म्हटलं की घरातलं प्रेमाचं माणूस तो हुकूम मोडणारच. काय चालतं हे सांगितलं असतं तर थर्मासमध्ये कोरा चहा आला असता.

सोमवार गेला. थिएटरची दोन सत्रं वाया गेली. सरांची तालुक्यातली ओपीडीही गेली, तिथं ताटकळलेल्यांचा हिशोब कुणी ठेवला नाही.

अमावस्या

आता मंगळवारचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. सरांचं म्हणणं सरळ होतं: उद्या सकाळी घेऊ, समजवा त्यांना. मला समजवायला पाठवलं.

मी काय समजावलं ते लिहिताना लाज वाटते. मी आज्जींना सांगितलं की आपल्याकडं अमावस्येला कितीतरी ऑपरेशनं होतात, बाळं जन्मतात, काही वाईट होत नाही, मनातली भीती काढून टाका. चांगलं दहा मिनिटं. आज्जी "व्हय व्हय" म्हणत राहिल्या आणि शेवटी भिंतीकडं तोंड करून झोपल्या. मी वर जाऊन सांगितलं की पेशंट अंधश्रद्धाळू आहे.

संध्याकाळी मावशी फरशी पुसता पुसता त्यांच्याशी बोलत बसल्या होत्या. मावशी मूळच्या जत बाजूच्याच. त्यांनी येऊन मला सांगितलं, "मॅडम, भीती न्हाई त्यांना. त्यांची दानम्मा हाय."

जत तालुक्यात गुड्डापूरला दानम्मा देवीचं देऊळ आहे. दानम्मा या बसवेश्वरांच्या काळातल्या, बाराव्या शतकातल्या शरणी, म्हणजे शिवभक्त संत, जतजवळच्या उमराणीच्या. लिंगायत घरांत त्यांचं फार मोठं स्थान, आणि अमावस्येला गुड्डापूरला दोन्ही राज्यांतून माणसं येतात. आज्जी वर्षानुवर्षं अमावस्येला तिथं जात होत्या. त्यांच्या लेखी अमावस्या वाईट दिवस नव्हताच, उलट महिन्यातला सगळ्यात मोठा दिवस होता. त्या दिवशी देवीकडं जायचं सोडून टेबलावर झोपायचं, हे त्यांना जमत नव्हतं. मी दहा मिनिटं ज्या भीतीवर औषध देत होते, ती भीतीच त्यांना नव्हती.

'अमावस्या' म्हटल्याबरोबर पुढचं सगळं मीच भरून टाकलं होतं. "का?" हा एका अक्षराचा प्रश्न मी विचारला नाही.

मग पर्याय नव्यानं मांडले. घरी सोडून पुढच्या आठवड्यात बोलवायचं: सरांना भरवसा नव्हता, शिवाय सणावारी तेलकट पोटात गेलं तर कळ परत येणार. मंगळवारी सही घेऊन करायचं: सून सही करायला तयार होती, आज्जीही गप्प राहून 'व्हय' म्हणाल्या असत्या. मला वाटतं, ही सगळ्यात वाईट वाट होती, आणि आम्ही तिच्या अगदी जवळ गेलो होतो. तिसरी वाट आज्जींनीच काढली. मुलानं मंगळवारी गुड्डापूरला जावं, विभूती आणावी, बुधवारी काय करायचं ते करा. सरांनी थोडा वेळ मोबाइल चाळला आणि म्हणाले, "बुधवारी पहिली घेऊ."

मंगळवारी दुपारी मुलानं देवळाच्या आवारातून व्हिडिओ कॉल लावला. गर्दीत काही धड दिसत नव्हतं, आवाज तुटत होता. आज्जींनी फोन दोन्ही हातांनी कपाळाला लावला. मग सुनेला म्हणाल्या, "आता सांग त्यास्नी."

बुधवारची तयारी

मंगळवारी संध्याकाळी आम्ही निरोप नव्यानं बांधला. 'उपाशी', 'उपास', 'एनबीएम' हे तिन्ही शब्द बाजूला ठेवले. मेडिकलमधला पोरगा कन्नड शाळेत शिकलेला, त्याला सोबत घेतलं. त्यानं सांगितलं, "बायाग एनू हाकबारदु." तोंडात काहीही घालायचं नाही. देवाचा प्रसाद? तोही नाही, तीर्थही नाही. केळ? नाही. साधं पाणी? सकाळी साडेपाचपर्यंत दोन घोट चालेल, मग नाही. हे एकेक नाव घेऊन. मला ते जरा बालिश वाटत होतं, पण 'तीर्थ' म्हटल्यावर सुनेनं दचकून वर बघितलं. तिच्या पिशवीत बाटली होती.

मग सुनेला म्हटलं, हे सगळं तू आता नवऱ्याला सांग. तिनं कन्नडमध्ये व्हॉइस मेसेज केला. नवऱ्याला म्हटलं, तुला काय कळलं ते आम्हाला मराठीत सांग. त्याचा उलटा मेसेज आला, त्यात साडेपाचची वेळ बरोबर होती, पण 'दोन घोट' चं 'दोन ग्लास' झालं होतं. तिथल्या तिथं दुरुस्त केलं. रविवारी एवढंच केलं असतं तर पाच मिनिटं लागली असती.

खाटेवरचा पिवळा पत्रा काढला आणि कागदावर घड्याळ काढलं, काटे साडेपाचवर, खाली कन्नडमध्ये एक ओळ, मराठीत एक ओळ, आणि कप-केळ्यावर फुली. केळं मावशींनी काढायला लावलं.

एक गोष्ट ऐनवेळी पुढं आली. आज्जींच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं, म्हणजे लिंगायत माणूस अंगावर धारण करतो ते लहान शिवलिंग. ऑपरेशनला दागिने, धातू काढून ठेवावे लागतात, विजेच्या उपकरणानं भाजण्याचा धोका असतो. इष्टलिंग अंगापासून वेगळं करत नाहीत. या वेळी सिस्टरनी स्वतःहून विचारलं, "आज्जी, हे असं ठेवायचं कारण काय आणि कसं ठेवलं तर चालेल?" डबी सुनेकडं दिली, इष्टलिंग पांढऱ्या कापडात बांधून दंडाला लावलं, ब्लडप्रेशरचा पट्टा दुसऱ्या हाताला. तीन मिनिटांत मिटलं. चिपळूणची सिस्टर आता आमच्यापेक्षा बरे प्रश्न विचारते.

काय निष्पन्न झालं

बुधवारी साडेआठला ऑपरेशन झालं, अडचण आली नाही. शुक्रवारी आज्जी घरी गेल्या.

बिलावरून मात्र वाद झाला. वाढलेल्या दोन दिवसांचं खाटभाडं कुणी द्यायचं? बिलिंगचं म्हणणं, सूचना दिली होती, सही आहे. मी त्या सहीचा कागद पुन्हा वाचला. छापील मराठीत 'रुग्णास निराहार ठेवण्याबाबत सूचना मिळाली' असं वाक्य होतं. निराहार. हा शब्द मी तरी कुणाच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. शेवटी भाडं माफ झालं. वरिष्ठांनी ते 'सद्भावना म्हणून' असं लिहिलं. चूक आमची होती असं लिहायला हवं होतं, असं माझं मत आहे, आणि ते मी तेव्हा बोलले नाही.

ग्रुपवर नियम झाला की उपाशी ठेवायच्या मेसेजला अंगठा चालणार नाही. ज्यानं खाटेपाशी जाऊन सांगितलं त्यानं नाव, वेळ आणि कुणाला सांगितलं ते लिहायचं. तीन आठवडे झकास चाललं. चौथ्या आठवड्यात एकानं नाव लिहिलं आणि त्याखाली पाच जणांनी अंगठा टाकला. अजून तो झगडा चालू आहे.

मावशींना ग्रुपवर घ्यायचं म्हणून रुग्णालयानं साधा स्मार्टफोन द्यायची तयारी दाखवली. मावशी नको म्हणाल्या. "मला बादलीतच दिसतंय." त्याऐवजी सकाळच्या फेरीत स्ट्रेचर हलवायच्या आधी मावशींना विचारायचं, असं ठरलं. हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नाही, पण पाळलं जातं.

आज वेगळं काय करू

पहिलं, सोमवारी आठ वाजता थिएटरच्या दारात वेळ ठरवण्याआधी सुनेला विचारलं असतं की तुम्हाला रविवारी काय निरोप मिळाला होता, तुमच्या शब्दांत सांगा. 'उपवास' हा शब्द तिथंच बाहेर आला असता आणि दुपारची भगर वाचली असती. आम्ही 'ऐकलं नाही' यावर थांबलो, 'काय ऐकलं' इथपर्यंत गेलो नाही.

दुसरं, निरोप मुलाला दिला, कारण तो पुरुष, मराठी बरी बोलणारा, सही करणारा. रात्र काढणारी सून होती. खायला देणारा हात कुणाचा आहे हे बघून निरोप द्यायला हवा होता.

आणि माझं कन्नड. ते सोडायचं असं नाही, पण त्यावरचा माझा भरवसा कमी झाला. तोडकंमोडकं येणं हे काही वेळा मुळीच न येण्यापेक्षा वाईट, कारण न येणारा माणूस कुणालातरी बोलावतो.

वॉर्डात आता सगळीकडं तोच एक प्रश्न विचारतात: शेवटचं तोंडात काय गेलं, किती वाजता? गेल्या महिन्यात पलूसकडच्या एका काकूंना सिस्टरनी तो विचारला. काकूंनी बोटं मोजली. "जेवलो रात्री आठला. पानी धाला. सकाळी च्या न्हाई, काय न्हाई." थोडं थांबून म्हणाल्या, "पाचला मशेरी लावली तेवढीच."

सिस्टरनी पेन तसंच धरलं आणि माझ्याकडं बघितलं. मशेरी आमच्या यादीत नव्हती. भूलतज्ज्ञ मॅडमना फोन लावला.